पिशवीवरचा आकडा म्हणजे पुरावा नव्हे

नांदेड-लातूरहून समुद्र चार-पाचशे किलोमीटर लांब. तरीही आमच्याकडच्या काही घरांत तो काचेच्या पेटीत येऊन बसला आहे. निळा दिवा, दोन-चार क्लाऊनफिश, थोडे दगड, एखादं झुलणारं मऊ प्रवाळ. मुलं त्याला ‘निमोचा टँक’ म्हणतात, शौकीन ‘रीफ टँक’ म्हणतात. या शौकाची माणसं मूठभर, पण त्यांचे वाद ढीगभर. आणि सगळ्या वादांचा बाप म्हणजे मिठाचा वाद. टँकचं पाणी खारं करायला कुठलं मीठ घ्यायचं? इन्स्टंट ओशन की ट्रॉपिक मरीन? अमेरिकेचं की जर्मनीचं? साधं की ‘रीफ’ लिहिलेलं महागडं?

हा वाद ऐकून ऐकून माझं एक मत पक्कं झालं आहे, ते आज लिहून टाकतो. ज्यानं स्वतःच्या नळाचं पाणी तपासलेलं नाही, ज्याचं मोजायचं साधन खरं बोलतं की खोटं हे त्याला ठाऊक नाही, ज्यानं पिशवी फोडल्यावर एकदाही चाचणी घेतलेली नाही, त्यानं ब्रँडवर तासभर बोलणं म्हणजे जाहिरातीचं पाठांतर आहे. दुकानदारानं सांगितलं, यूट्यूबवरच्या भाईनं सांगितलं, ग्रुपवरच्या ‘सीनियर’नं सांगितलं. सांगितलं सगळ्यांनी, मोजलं कोणी?

काही मित्र म्हणतील, सर, तुम्ही उर्दू-मराठी शिकवता, रसायनशास्त्रात कशाला घुसता? घुसतो, कारण हा मामला आधी भाषेचा आहे आणि नंतर रसायनाचा. मजकूर वाचणं हा माझा पेशा आहे. आणि मिठाच्या पिशवीइतका फसवा मजकूर मी पाठ्यपुस्तकाबाहेर फार कमी वाचला आहे.

लेबलाची भाषा

पिशवीवर काय लिहिलेलं असतं ते नीट वाचा. ‘नैसर्गिक’, ‘समृद्ध’, ‘प्रगत’, ‘व्यावसायिकांसाठी’. ही सगळी विशेषणं आहेत. सातवीच्या वर्गातला मुलगा सांगेल की विशेषण नामाबद्दल मत देतं, मोजमाप देत नाही. त्याखाली आकडे असतात: कॅल्शियम इतकं, मॅग्नेशियम इतकं, अल्कलिनिटी इतकी. आता आकडा दिसला की आपण वाचणं थांबवतो, कारण आकड्याशी हुज्जत घालायची नसते असं आपल्याला लहानपणीच शिकवलेलं असतं. इथेच गडबड आहे.

त्या आकड्याला तीन प्रश्न विचारा. हा आकडा किती क्षारतेच्या पाण्यातला? हा याच पिशवीचा की कारखान्यातल्या सर्वसाधारण मालाचा? आणि हा कोणत्या पाण्यात मीठ विरघळवून काढला? पहिल्या प्रश्नाचं महत्त्व एका उदाहरणावरून कळेल. एकानं आपल्या मिठाचं कॅल्शियम ४०० मोजलं, दुसऱ्यानं ४२४. दुसऱ्याची कॉलर ताठ. पण पहिल्याचं पाणी ३३ क्षारतेचं होतं आणि दुसऱ्याचं ३५. चारशेला तेहतीसनं भागा, पस्तीसनं गुणा, उत्तर ४२४ येतं. म्हणजे दोघांचं मीठ अगदी सारखं, फक्त एकानं चमचाभर कमी घातलं होतं. अशा हिशेबावर माणसं ब्रँड बदलतात.

समुद्राचं माप ठरलेलं आहे

बऱ्या-वाईटाचा निवाडा करायचा तर समोर एक खरं माप हवं. सुदैवानं ते आहे आणि ते कुठल्याही कंपनीच्या मालकीचं नाही. १८७२ ते १८७६ या काळात ब्रिटिशांचं ‘चॅलेंजर’ नावाचं जहाज जगाचे समुद्र पालथे घालत फिरलं. त्यानं आणलेल्या पाण्याचे ७७ नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञानं तपासले आणि १८८४ मध्ये निष्कर्ष छापले. त्याला दिसलं ते असं: समुद्राचं पाणी कुठे कमी खारट, कुठे जास्त खारट, पण त्यातल्या मुख्य क्षारांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास सगळीकडे तेच. सोडियम आणि क्लोराइड मिळून साधारण ८५ टक्के. उरलेल्यात सल्फेट, मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम.

टँकवाल्याच्या भाषेत सांगायचं तर ३५ क्षारतेच्या पाण्यात, म्हणजे किलोभर पाण्यात ३५ ग्रॅम क्षार असताना, कॅल्शियम लिटरमागे ४१० मिलिग्रॅमच्या आसपास, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास आणि अल्कलिनिटी सुमारे ७ डीकेएच. अल्कलिनिटी म्हणजे आम्ल पचवण्याची पाण्याची ताकद. प्रवाळाला आपला चुन्याचा सांगाडा बांधायला ती लागते, म्हणून टँकवाले तिच्यावर डोळा ठेवून असतात.

‘रीफ’ लिहिलेल्या बऱ्याच मिठांत ही अल्कलिनिटी मुद्दाम वाढवून ११-१२ पर्यंत नेलेली असते. ती समुद्रापेक्षा चांगली म्हणून विकली जाते. समुद्रापेक्षा चांगला समुद्र! हे ऐकून तरी माणसानं दचकायला नको का? झपाट्यानं वाढणाऱ्या दगडी प्रवाळांनी भरलेल्या टँकमध्ये तिचा उपयोग आहे. तिथे रोज चुना खर्च होतो आणि तो भरून काढावा लागतो. पण आमच्याकडच्या दोन मासे आणि चार दगडांच्या टँकमध्ये ती कोण खर्च करणार?

आणि हेही एकदा स्पष्ट बोलू. दगडी प्रवाळ, काळं प्रवाळ, समुद्रपंखे हे सगळे जीव २००१ पासून आपल्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. वाघाला जे संरक्षण, तेच यांना. २०२० मध्ये मुंबईच्या किनारी रस्त्यासाठी वरळी आणि हाजी अलीजवळच्या १८ प्रवाळ वसाहती हलवायच्या होत्या, तेव्हा सरकारी कामालाही वनखात्याची परवानगी आणि शास्त्रज्ञांची देखरेख लागली. आपल्याकडे मात्र कोणीतरी ‘मद्रासहून आलेला पीस’ कागदाविना विकतो आणि आपण त्याच्यासाठी महागडं मीठ शोधतो. चोरीच्या घोड्याला चांदीचा लगाम. आपल्या समुद्रातून तोडून आणलेलं प्रवाळ घरात ठेवायचंच नाही हे ठरवलं, तर मिठाचा निम्मा वाद आपोआप संपतो. क्लाऊनफिश आता आपल्याच देशातल्या मत्स्यसंशोधन संस्था हौदात पैदा करतात. तसे मासे ठेवा. त्यांना समुद्राच्या मापाचं साधं, स्वच्छ मीठ पुरतं.

मिठागर आणि समुद्र

दुसऱ्या टोकाला आमचे काटकसरी लोक आहेत. ते म्हणतात, समुद्राचंच मीठ हवं ना? मग बाजारातून खडे मीठ आणा, किलोला किती पडतं! युक्तिवाद ऐकायला बिनतोड आहे. पण उरण-पेणकडचं किंवा वसईकडचं मिठागर कसं चालतं हे पाहिलेला माणूस तो करणार नाही.

मिठागरात समुद्राचं पाणी एका खाचरातून दुसऱ्या खाचरात फिरवत आटवतात. पाणी आटत जातं तसं आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, म्हणजे कॅल्शियम गेलं. त्यानंतर खाण्याचं मीठ धरतं. आणि शेवटी जे कडवट पाणी उरतं त्यात मॅग्नेशियम आणि पोटॅशियम असतं, ते काढून टाकतात. हाती येतं ते बहुतेक निव्वळ सोडियम क्लोराइड. स्वयंपाकाला तेच हवं असतं, म्हणून तर ही सगळी मेहनत. पण ते पुन्हा पाण्यात विरघळवून समुद्र होत नाही. पुलावातून निवडून काढलेल्या तांदळाला पुलाव म्हणण्यासारखं आहे ते.

म्हणजे नाव बघून महाग घेणारा आणि भाव बघून स्वस्त घेणारा, दोघं एकाच रांगेत उभे आहेत. दोघांनीही आत काय आहे हे पाहिलेलं नाही.

आधी पाणी

आता कामाचं बोलतो. तपासणीचा क्रम असा: आधी पाणी, मग साधन, मग मीठ. आपल्याकडे तो बरोबर उलटा चालतो.

मराठवाड्याची जमीन बहुतेक काळ्या कातळाची. त्या कातळातून झिरपलेलं बोअरचं पाणी जड असतं. बादलीवरचा पांढरा थर, हीटरच्या कॉइलवर जमलेला चुना, न येणारा साबणाचा फेस, हे कोणाला सांगायला नको. समजा, तुमच्या बोअरच्या पाण्याची अल्कलिनिटी लिटरमागे ३०० मिलिग्रॅम आहे. एक डीकेएच म्हणजे जवळपास १७.९ मिलिग्रॅम. म्हणजे मीठ घालण्याआधीच तुमच्या पाण्यात सुमारे १७ डीकेएच. त्यात ८ डीकेएचचं उत्तम जर्मन मीठ घातलंत की झाले २५. समुद्राच्या साडेतीनपट. मग पाणी दुधासारखं गढूळ होतं, पंपाला चुना चढतो, आणि ग्रुपवर संदेश येतो: ‘या ब्रँडची बॅच खराब आली.’ बॅच चांगली होती, भाईजान. बोअर आपलाच होता.

म्हणून पाणी आरओचं, आणि जमलं तर त्यापुढे डीआय रेझिनमधून काढलेलं. टीडीएस पेननं ते शून्याजवळ यायला हवं. बॅटरीचं पाणी वापरणारे आहेत. वापरा, पण प्रत्येक कॅन पेननं तपासून. एसीतून ठिबकणारं पाणी मात्र नको. ते तांब्या-ॲल्युमिनियमच्या नळ्यांवरून येतं, आणि कोळंबी, शिंपले, प्रवाळ यांना तांब्याचं अगदी थोडं प्रमाणही मारतं. पावसाचं पाणी उत्तम. मात्र पत्र्यावरून आलेलं नको, पहिल्या सरींचं नको. मधल्या पावसात उघड्या जागी स्वच्छ प्लास्टिक ताणून धरलेलं हवं.

मग काटा

क्षारता मोजायला काही जण प्लास्टिकचा काटेवाला हायड्रोमीटर वापरतात. त्याच्या काट्याला हवेचा एक बुडबुडा चिकटला तरी आकडा बदलतो. बाकीचे रिफ्रॅक्टोमीटर वापरतात आणि त्यावर साधं पाणी टाकून शून्य जुळवतात. शून्य जुळलं म्हणजे ३५ जुळलं असं नाही. किराणा दुकानदाराचा रिकामा काटा शून्यावर असतोच. किलोला किलो दाखवतो का, हा खरा प्रश्न. त्यात बाजारातली बरीच स्वस्त यंत्रं मिठाच्या द्रावणासाठी आखलेली असतात, समुद्राच्या पाण्यासाठी नव्हे. तिथेच दीडेक एककाचा फरक पडतो.

उपाय घरात आहे. बारीक मीठ तव्यावर कोरडं करून घ्या. सराफाकडे असतो तसला छोटा डिजिटल काटा घ्या. ३६.५ ग्रॅम मीठ आणि ९६३.५ ग्रॅम शुद्ध पाणी. या द्रावणातून प्रकाश जितका वळतो तितकाच ३५ क्षारतेच्या समुद्राच्या पाण्यातून वळतो. रिफ्रॅक्टोमीटरवर ते टाका आणि काटा ३५ वर आणा. हे द्रावण फक्त जुळवणीसाठी, टँकमध्ये ओतायचं नाही. खर्च दोन रुपये.

अल्कलिनिटीच्या किटचंही तेच. किट कितीही नामांकित असो, त्याचीही परीक्षा घ्या. १० लिटर शुद्ध पाण्यात २.४ ग्रॅम खाण्याचा सोडा विरघळवा. सोडाच, बेकिंग पावडर नव्हे. त्या पाण्याची अल्कलिनिटी ८ डीकेएच येते. तुमचं किट ८ दाखवत असेल तर शाबास. साडेनऊ दाखवत असेल तर आजवर तुम्ही ज्या मिठाला दोष दिलात त्याची माफी मागा आणि किट बदला.

मग पिशवी

आता मिठाची पाळी. पिशवी प्रवासात हादरते, बारीक कण खाली जातात, जाड वर राहतात. सगळे क्षार सारख्या आकाराचे नसतात, म्हणून वरचं मीठ आणि तळाचं मीठ वेगळं निघू शकतं. पिशवी उघडण्याआधी चांगली उलटी-पालटी करा. पावसाळ्यात उघडी राहिली तर मीठ ओल धरतं, मग वजनात पाणीही मोजलं जातं. म्हणून ‘इतके चमचे’ किंवा ‘इतके ग्रॅम’ या हिशेबावर थांबू नका, शेवटचा शब्द क्षारतेचा. मीठ पाण्यात घाला, मिठावर पाणी ओतू नका. नाहीतर तळाशी दाट द्रावण होऊन चुना खाली बसतो आणि तो परत विरघळत नाही.

दहा लिटर पाणी, २५ अंशांच्या आसपास तापमान, छोटा पंप. मीठ पूर्ण विरघळून पाणी स्वच्छ झालं की क्षारता बरोबर ३५ वर आणा. मग अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि अमोनिया मोजा. प्रत्येक चाचणी दोनदा. दोन उत्तरांत फार अंतर असेल तर तिसऱ्यांदा. दुसऱ्या दिवशी अल्कलिनिटी पुन्हा मोजा. ती बरीच उतरली असेल तर मीठ आपल्याच बादलीत चुना टाकतंय. वहीत लिहा: तारीख, ब्रँड, पिशवीवरचा बॅच क्रमांक, चार आकडे. पुढची पिशवी आली की पुन्हा तेच.

हे काही मी शोधलेलं शास्त्र नाही. १९९० च्या दशकात मार्लिन ॲटकिन्सन आणि क्रेग बिंगमन या दोघांनी बाजारातली आठ मिठं घेऊन त्यातली एकेक मूलद्रव्यं मोजली आणि सगळ्यांचे आकडे शेजारी शेजारी मांडले. मिठांत फरक निघाले, आणि ते जाहिरातीतून कळणारे नव्हते. वादाला वाद जोडण्यापेक्षा कोणीतरी बसून मोजलं, एवढीच त्यातली थोरवी. तेवढी आपल्यालाही झेपते.

सुटं मीठ प्लास्टिकच्या पिशवीत भरून ‘इंपोर्टेड आहे, घ्या’ म्हणणाऱ्या दुकानदारांना मी विचारतो: बॅच क्रमांक कुठे गेला? ज्या मालाला नाव नाही, तारीख नाही, त्याची तक्रार कोणाकडे करायची? आणि मासा मेला की दोष कोणाचा? ठरलेलं उत्तर आहे: ‘मरीन मासे नाजूक असतात.’ म्हणजे मेला तो माशाच्या नशिबानं. मांजर कोंडून उपाशी मारणाऱ्या बाईची हदीस आमच्या घरांत लहान मुलांनाही ठाऊक असते. काचेत कोंडलेल्या जिवाचं पाणी न तपासणारा माणूस त्या बाईपासून किती दूर उभा आहे, याचा विचार ज्यानं त्यानं करावा.

जर्नलमधला रसायनशास्त्र

आता माझ्या पेशाचं दुखणं. कॅल्शियम मोजायची जी पद्धत किटमध्ये असते तेच टायट्रेशन: थेंब थेंब सोडायचा, रंग बदलला की थांबायचं. आपल्या अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत ब्युरेट आहे, पिपेट आहे, दर्शक द्रव आहे. आणि लातूर तर रसायनशास्त्राची राजधानी! ‘लातूर पॅटर्न’ ऐकून महाराष्ट्रभरातून मुलं तिथे येऊन राहतात. पर्यायी प्रश्नांच्या शेकडो संचांत त्यांना मोल आणि मोलॅरिटी तोंडपाठ असते.

पण त्यातल्या किती मुलांनी स्वतःच्या खोलीवरच्या नळाच्या पाण्याचा जडपणा मोजला आहे? प्रयोगाच्या जर्नलमध्ये रीडिंग कुठून येतं हे मास्तरांना ठाऊक आहे, पोरांनाही ठाऊक आहे. आधी उत्तर माहीत असतं, मग त्याला शोभेल असं रीडिंग लिहिलं जातं, मग सही होते. अशा शाळेतून बाहेर पडलेला माणूस पुढे मिठाची पिशवी वाचतो, औषधाची जाहिरात वाचतो, व्हॉट्सॲपवरचा फॉरवर्ड वाचतो, तेव्हा त्याला छापील आकड्यावर शंका घ्यायची सवय कुठून असणार? शंका घेणाऱ्याचे गुण कापले जातात हेच तो शिकला आहे.

बी.एड.ला आम्हाला ‘कृतीतून शिक्षण’ यावर प्रश्न होता, दहा गुणांचा. आम्ही सगळ्यांनी उत्तर पाठ करून लिहिलं. यात सगळं आलं.

आक्षेप

पहिला आक्षेप जोरदार आहे आणि मला तो मान्य आहे. ज्या लातूरला एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून पाचेक लाख लिटर. जिथे त्याआधी पाणी भरण्याच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली. तिथे घरात समुद्र कसला करता? बरोबर आहे. म्हणून माझं म्हणणं आहे की हिशेब आधी करा. शंभर लिटरच्या टँकचं आठवड्याला दहा टक्के पाणी बदललं तर दहा लिटर. साध्या आरओतून एक लिटर घेताना दोन-तीन लिटर वाया जातं, म्हणजे मुळात तीस-चाळीस लिटर. ते वाया जाणारं पाणी फरशीला, संडासाला, भांड्यांना वापरलं तर बोजा हलका होतो. गटारात सोडलं तर तो गुन्हा समजावा. पाचशे लिटरचा टँक मिरवायला ठेवणाऱ्यानं आपल्या गल्लीतल्या टँकरच्या रांगेसमोर उभं राहून हा हिशेब सांगून दाखवावा. आणि ज्या वर्षी धरण तळाला जाईल, त्या वर्षी टँक बंद. त्यावर वाद नको.

दुसरा आक्षेप आपल्याच मोहल्ल्यातून येतो. समाजाची अवस्था काय, पोरं शाळा सोडतायत, आणि मास्तर माशांचं मीठ मोजतायत. मी उलट विचारतो: मोजायला न शिकलेल्या पोराला शाळेत ठेवून काय मिळवलं? एका उर्दू शाळेच्या कोपऱ्यात वीस लिटरची काचेची पेटी, एक काटा, एक किट ठेवा. मासे नकोत सुरुवातीला, नुसतं पाणी. पोरं पंधरा दिवसांत लेबलावर हुज्जत घालायला लागतील. ही हुज्जतच हवी आहे.

तिसरा आक्षेप पैशाचा: चाचण्यांचा खर्च मिठापेक्षा जास्त. एकट्याला जास्तच आहे. पण पाच घरांनी मिळून एक काटा आणि एक संच घेतला, एकाच बॅचचं मीठ वाटून घेतलं, तर एक चाचणी पाच टँकना पुरते. ग्रुप फोटो टाकण्यासाठी काढला आहे, तो या कामाला लावा.

आणि आपला घसा

शेवटचा मुद्दा माशांचा नाही. टँकसाठी जो टीडीएस पेन आपण विकत घेतो, तोच घरोघरी पिण्याच्या पाण्याचा काझी झाला आहे. जारवाला येतो, पेन बुडवतो, ‘शंभर आहे बघा’ म्हणतो, आपण पैसे देतो. हा पेन पाण्यातून वीज किती वाहते ते पाहून एकूण क्षारांचा अंदाज करतो. त्या क्षारांत काय काय आहे हे त्याला कळत नाही. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात टीडीएस ५०० पर्यंत ठीक मानला आहे, पण फ्लोराइड लिटरमागे १ मिलिग्रॅम, पर्याय नसेल तर फार तर दीड, आणि नायट्रेट ४५. दीडच्या जागी तीन मिलिग्रॅम फ्लोराइड असलं तरी पेनच्या आकड्यात ते बुडून जातं. जंतू तर त्याला दिसतच नाहीत.

माशासाठी अल्कलिनिटी दशांशापर्यंत विचारणारा माणूस पोराच्या ग्लासात काय आहे हे पेनवर सोडून देतो, याला काय म्हणायचं? भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या पाणी तपासणी प्रयोगशाळा जिल्ह्यात आहेत. जलजीवन मिशनमध्ये गावोगाव बायकांना पाणी तपासायचे संच आणि प्रशिक्षण दिलं आहे. ते संच कपाटात बंद असतील तर बाहेर काढायला लावा. आपल्या बोअरचा नमुना स्वच्छ बाटलीत भरा, प्रयोगशाळेत द्या आणि आलेला कागद भिंतीवर लावा. जारवाल्याकडे, आरओवाल्याकडे, शाळेच्या टाकीचं काम बघणाऱ्याकडे तसाच कागद मागा.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. यापुढे कोणी म्हणालं की अमुक मीठ भारी, तर त्याला ब्रँडचं नाव विचारू नका. वही मागा. तारीख, बॅच, पाण्याचा टीडीएस, काटा कधी जुळवला, चार आकडे. वही असेल तर चहा पाजा आणि शेजारी बसून उतरवून घ्या. वही नसेल तर चहा पाजा, पण मीठ त्याच्या सांगण्यावरून घेऊ नका.